लाल फडक्यातली पोथी

गोजरबाईला अक्षराची ओळख नव्हती, फडक्याची होती. भिंतीतल्या देवळीत लाल फडक्यात बांधून ठेवलेली असते ती पोथी, एवढं तिला लग्न होऊन कुरुंद्यात आली तेव्हापासून ठाऊक. हात धुवावेत, पदर डोक्यावर घ्यावा, गाठोडं कपाळाला लावावं आणि मारुतीच्या देवळात संतराम महाराजांच्या पुढ्यातल्या पाटावर नेऊन ठेवावं. गाठ सोडायची ती महाराजांनीच, बाईमाणसानं मधेच सोडून बघायची नाही. आता ज्या घरात गाठ सोडून बघायचीच नाही, त्या घरातून एक दिवस भलतंच गाठोडं देवळात जाणार नाही तर काय होणार?

तेच झालं. पण ते कसं झालं, ते कळायला आधी घर कळलं पाहिजे.

व्यंकटरावांच्या घरात बायका दोन. थोरली गोजरबाई, धाकटी शिला. गोजरबाईला पाठोपाठ चार मुली झाल्या. चौथीच्या वेळी सासूनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दारातूनच लेकाला म्हणाली, "रानच खराब हाय. दुसरं रान पाहा." पोरीचं बारसं व्हायच्या आधी सोयरीक ठरली. अठरा वर्षांची शिला आली आणि तिला बालाजी झाला. गावभर पेढे वाटले. मुलींच्या वेळी गावात जिलबी वाटायची रीत, पण गोजरबाईच्या चारींपैकी एकीच्याही वेळी जिलबी आणली नव्हती. बालाजी झाला त्या दिवसापासून घरातल्या किल्ल्या शिलाच्या कमरेला आणि चुलीपुढचा धूर गोजरबाईच्या डोळ्यांत. दोघी भांडल्या, अबोला धरला, पुन्हा एका परातीत पीठ मळू लागल्या. चारी पोरी आपापल्या सासरी गेल्या. बालाजीनं शिलाला माय म्हटलं आणि गोजरबाईला मोठी माय.

आता त्या बालाजीच्या बायकोला, कोमलला, दोन मुली झालेल्या. धाकटीच्या वेळी कोमल मरता मरता वाचली. "आता तिसरं लेकरू अजिबात नको," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. व्यंकटरावांनी ते ऐकून घेतलं, पंधरा दिवस गप्प बसले आणि एके सकाळी ओसरीवर चहा पीत म्हणाले, "मंग दुसरं रान पाहावं लागंल."

तोच शब्द! गोजरबाईची तव्यावरची भाकरी करपली.

कनेरगाव नाक्याकडची एक पोरगी त्यांनी बघूनही ठेवली होती. श्रावण सरला की तिकडची माणसं बोलणीला येणार आणि त्याच्या आधी कोमलला दोन पोरींसकट माहेरी नेऊन घालायची. बालाजी काय म्हणाला? काय म्हणणार! बापापुढं ते पोरगं लहानपणापासून मातीत नखं रुतवून उभं राहायचं, तसंच उभं राहिलं. शिला म्हणाली, "वंशाला दिवा नगो का?" गोजरबाई काहीच म्हणाली नाही. तिच्या म्हणण्याला त्या घरात किंमत होती कधी?

नव्या सोयरिकीला यश यावं, घरात नातू यावा, म्हणून श्रावणात पोथी लावायचं ठरलं. यजमान स्वतः व्यंकटराव.

कुरुंद्याच्या त्या देवळात पोथीची रीत कडक. दुपारी अध्याय वाचून झाला की महाराज विचारणार, "ऐकलं का?" सगळ्यांनी म्हणायचं, "ऐकलं!" आणि मग एकट्या यजमानानं म्हणायचं, "मानलं." यजमान सकाळपासून उपाशी. त्यानं 'मानलं' म्हटल्याशिवाय त्याच्या घरात ताट वाढायचं नाही. आणि एकदा संकल्पाचं पाणी सोडलं की पाटावरचा ग्रंथ अर्धा ठेवायचा नाही. गावातल्या सुदामानं एकदा ठेवला होता, तर त्याच सालात त्याच्या दोन्ही म्हशी आटल्या, असं गाव अजून सांगतं. म्हशींनाही वय असतं, हे कुणी सांगत नाही.

पहिल्या दिवशी देऊळ भरलं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे वाती वळत. गोजरबाईनं गाठोडं पाटावर ठेवलं. हळदकुंकू झालं, फूल वाहिलं, नारळ फुटला. व्यंकटरावांनी पळीनं तळहातावर पाणी घेऊन सोडलं, "हा ग्रंथ शेवटाला नेईन, हो महाराज!" मग संतराम महाराजांनी गाठ सोडली. सत्तरी उलटलेला माणूस, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा. वर काय लिहिलंय ते बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. पहिलं पान उघडलं आणि नेहमीच्या चालीत सुरू केलं.

"सुरुवातीला काहीच नव्हतं. आकाश नव्हतं, दिशा नव्हत्या, काळसुद्धा नव्हता. सारं विश्व एका बिंदूत कोंडलेलं होतं, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा बिंदूत..."

"हरी हरी!" माना डोलल्या. म्हाताऱ्या हात जोडून बसल्या. गोजरबाईलाही वाटलं, यंदाची पोथी लई गोड हाय.

"आणि मग त्या बिंदूचा विस्तार होऊ लागला. प्रचंड उष्णता होती. लाखो वर्षं लोटली. हळूहळू सारं निवत गेलं आणि त्यातून हाय... हायड्रो..."

महाराज थांबले. चष्मा पुसला, पान डोळ्यांशी नेलं, लांब धरलं. मग पुस्तक मिटून त्याचं तोंड पाहिलं. तोंडावर काळ्या आभाळात निळीपांढरी पृथ्वी होती. महाराजांचं तोंड उघडं ते उघडंच.

"व्यंकटराव," ते कसेबसे म्हणाले, "ही पोथी न्हाई वो. हे सायन्सचं पुस्तक हाय."

देवळात एकच गलका. गोजरबाईच्या मनात आलं, आपल्याच हातानं आणलं की! तिनं बायकांत कोमलकडे पाहिलं. कोमलचा चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला.

पुस्तक कोमलचं होतं. लग्नाआधी ती हिंगोलीला कॉलेजात शिकायची, बी.एस्सी. अर्धी टाकून कुरुंद्यात आली. येताना ते एक पुस्तक तेवढं आणलेलं. पण शिलाचा कायदा होता, दुपारच्याला पुस्तक घेऊन बसलेली सून म्हंजी घराला उतरती कळा. म्हणून कोमलनं मोठ्या सासूकडे फडकं मागितलं होतं आणि गोजरबाईनंच पोथीच्या जुन्या फडक्यातलं अर्धं फाडून दिलं होतं. लाल फडक्यात बांधून देवळीत ठेवलं की त्याला कुणी हात लावत नाही. पोरगी हुशार! पण आता त्या हुशारीचं भरीत झालं होतं.

"बंद करा ते!" व्यंकटराव ओरडले. "आन घरी चला, एकेकीला दाखवतो."

"बंद कसं करता?" संतराम महाराज म्हणाले. ते घाबरले होते, पण रीत त्यांच्या रक्तात होती. "पूजा ह्याची झाली. संकल्पात तुमी 'हा ग्रंथ' म्हणून पाणी सोडलं. अर्धा ठेवला तर नातवाचा नवस उलटंल. माझ्या माथी मारू नगा."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सुदामाच्या म्हशी..."

व्यंकटरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नातू डोळ्यांपुढं आला असणार. दात ओठ खाऊन म्हणाले, "वाचा मंग. काय असंल ते असंल."

तर असं ते सुरू झालं. पहिल्या दिवशी लोक ऐकायला बसले ते मजा बघायला. दुसऱ्या दिवशी आले ते धक्का बसला म्हणून.

महाराजांनी सूर्याचा अध्याय वाचला. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याला दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य. ह्या घडीला तो विझला तरी तेवढा वेळ आपल्याला पत्ता लागायचा नाही.

"अगं बाई!" बायकांच्या हातातल्या वाती तिथंच राहिल्या. संतराम महाराज स्वतःच पुस्तक खाली ठेवून देवळाबाहेरच्या उन्हाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई अंगणात तांब्या घेऊन उभी राहिली. रोजच्यासारखं सूर्याला पाणी सोडलं आणि न राहवून विचारलं, "हाईस का बाबा, का गेलास?" दारातून कोमल खुदकन हसली. त्या घरात ती किती दिवसांनी हसली होती!

"ऐकलं का?" महाराज विचारायचे.

"ऐकलं!"

"मानलं!" व्यंकटराव दणक्यात म्हणायचे. पोटात कावळे ओरडत असायचे. पृथ्वी गरगर फिरते? मानलं. सूर्य एक दिवस विझणार? मानलं. सूर्य विझला तर त्यांच्या बापाचं काय जात होतं?

पण हळदीच्या अध्यायाच्या दिवशी मात्र सगळेच उडाले. पुस्तकात लिहिलं होतं, हळदीला इतर पिकांसारखं बी धरत नाही. कंद लावतात, त्याच्यातून रोप येतं, म्हणून प्रत्येक रोप म्हणजे आधीच्याच रोपाचा तुकडा. नवं काही नसतं. आता कुरुंद्याच्या माणसाला हळदीचं बेणं कसं लावावं हे पुस्तकानं सांगायचं? जन्म गेला त्यात. पण संतराम महाराज वाचता वाचता अडखळले आणि म्हणाले, "थांबा. म्हंजी माझ्या आज्यानं लावलेली हळद मेलीच न्हाई? माझ्या रानात हाय ती तीच?"

सगळ्यांच्या अंगावर काटा. त्या दिवशी अध्याय संपल्यावर घरी जायचं सोडून चार बाप्ये रानात गेले आणि नुसतेच हळदीच्या पानांना हात लावून आले. रोजचीच हळद, पण कुणी ती तशी पाहिली नव्हती.

गोजरबाईला आपल्याच मनाचं नवल वाटायचं. पोथी ऐकताना डुलकी यायची, पाठ भरून यायची. इथं मात्र ती सकाळपासून भराभर कामं उरकायची. रोज कुठली तरी पक्की धरलेली गोष्ट हातातून निसटायची. असं झाल्यावर माणसाला भीती वाटायला पाहिजे, हो की नाही? तिला तर उलट हलकं वाटायचं. उद्या अजून काय मोडतंय, ह्याची ओढ लागायची. तिनं हे महाराजांना एकदा बोलून दाखवलं.

"वयनी, पोथीत पुढं काय येनार ते मला पाठ असतंय," महाराज म्हणाले. "हिथं पान पलटताना माझाच हात थरथरून राहिला."

पुढं मात्र काय येणार, ते एकीला ठाऊक होतं. एका सकाळी कोमल चुलीपाशी येऊन बसली. दोन्ही पोरी तिला चिकटलेल्या.

"मोठ्या आत्या, आज तुमी देवळात जाऊ नका."

"काहून गं?"

"आजचा अध्याय... तुमाला तकलीफ होईल."

"सूर्य विझला तवा झाली न्हाई, आज काय व्हनार?" गोजरबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. पण पोरीच्या डोळ्यांतलं बघून ती थबकली. ह्या पोरीला थोड्याच दिवसांत माहेरी नेऊन घालणार, आणि ही आपल्याला जपून राहिली! गोजरबाईला भडभडून आलं. तिनं नातीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला.

दुपारी देऊळ नुसतं ठेचून भरलेलं. पायऱ्यांवरही माणसं. महाराजांनी अध्याय उघडला. माणसाचा जीव कसा घडतो, त्याचा तो अध्याय. आईचं अर्धं, बापाचं अर्धं, त्यातून लेकरू. बायकांनी पदर तोंडाला लावले, बाप्ये खाकरले. महाराजही जरा लाजत लाजत वाचत होते. आणि मग ती ओळ आली.

"मूल मुलगा होणार की मुलगी, हे आईवर अवलंबून नसतं. आईकडून येणारं बीज दर वेळी एकाच प्रकारचं असतं. वडिलांकडून येणारं बीज दोन प्रकारचं असतं. त्या दोहोंपैकी कोणतं आईच्या बीजाला मिळतं, त्यावरच ठरतं, मुलगा की मुलगी. यात आईचा वाटा शून्य. आणि वडिलांच्याही इच्छेचं यात काही चालत नाही."

महाराज थांबले. देऊळ थांबलं.

महाराजांची अर्थ सांगायची सवय सुटेना. ते सावकाश, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजी रान खराब... असं काही नसतंय. रानाचा सवालच न्हाई. मुठीतल्या बियाचंच ते."

गोजरबाईला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि वाटलं चुकीचं कळलं. चार बाळंतपणं. दर वेळी दाईनं तोंड पाडून सांगितलेलं, "पुन्हा पोरगीच." दर वेळी ती भिंतीकडे तोंड करून रडलेली, आणि तिनं त्या एवढ्याशा जिवाला पाजायचं सोडून आधी देवाची माफी मागितलेली. तिनं किती उपास केले, किती अंगारे लावले, कुठल्या कुठल्या पायऱ्या चढली! आपल्याच पोटाला तिनं नापीक पांढरी माती म्हणून शिव्या घातल्या होत्या. आणि हे पुस्तक म्हणत होतं, वाटा शून्य?

"महाराज," ती उभी राहिली. देवळात बाई अशी मधे उभी राहत नाही. "पुन्यांदा वाचा."

महाराजांनी पुन्हा वाचलं. शब्द तेच.

"आनखी एकदा."

महाराजांनी तिसऱ्यांदा वाचलं. पलीकडच्या रांगेतली एक म्हातारी एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं माझे बाई! म्हंजी जन्मभर चोर सोडून संन्याशाला फाशी?"

कुणी हसलं नाही. एकमेकींकडे बघायचंही कुणाला धाडस होईना, कारण त्या देवळात अशी बाई नव्हती जिनं हे एकदा तरी ऐकलं नव्हतं, नाहीतर कुणाला ऐकवलं नव्हतं.

महाराजांनी तुळशीचं पान ठेवून पुस्तक मिटलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ऐकलं का?"

बाप्यांच्या बाजूनं चकार शब्द नाही. मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, मग दुसरा, मग सगळ्याच. "ऐकलं!" एवढ्या मोठ्यानं त्या देवळात बायका आरतीलाही ओरडल्या नव्हत्या.

आता यजमान. सगळ्या माना व्यंकटरावांकडे वळल्या. ते मांडी घालून बसले होते, पण मानेच्या शिरा तटतटलेल्या.

"व्यंकटराव," महाराज म्हणाले, "मानलं म्हना."

"पुस्तकात काय बी लिहितेत!"

"त्या दिशी सूर्य विझला तवा तर मानलं."

"ते येगळं!" व्यंकटराव उठले, चपला पायात सरकवल्या आणि माणसांतून वाट काढत निघून गेले. अध्याय 'मानलं'विना राहिला. असं कुरुंद्यात कधी झालं नव्हतं.

घरी आल्यावर व्यंकटराव ओसरीवर बसले. ऊन कलायला आलं होतं, माणूस सकाळपासून उपाशी. त्यांनी हाक मारली, "शिले! ताट वाढ."

ही हाक ऐकली की शिला हातातलं टाकून पळायची. आज शिला चुलीपाशी पाटावर बसलेली, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर, नजर कुठं तरी भिंतीत. गोजरबाई तिला बघून चरकली. तिला वाटलं होतं, शिला भांडेल, पुस्तकाला आणि कोमलला शिव्या देईल, वाढलेलं ताट घेऊन पुढं होईल. जिच्या कमरेला लेकाच्या जिवावर किल्ल्या लागल्या, ती बाई असलं पुस्तक मानेल कशी?

"आक्का," शिला म्हणाली, "म्हंजी बालाजी झाला, त्यात माझं काहीच न्हवतं?"

"न्हवतं."

"आन तुला चार पोरी झाल्या, त्यात तुझं..."

"त्यात बी माझं काही न्हवतं."

शिलानं मांडीवरच्या किल्ल्या बाजूला ठेवल्या. मग तिनं जे विचारलं ते गोजरबाईला नव्हतं. तिनं मान वळवली आणि ओसरीकडे बघून, कधी नव्हे त्या आवाजात विचारलं,

"मंग मला हिथं काहून आणलं व्हतं?"

कोमल दारात, तिच्यामागं बालाजी. व्यंकटराव ओसरीवर पाठमोरे.

"अठरा वरसाची व्हते मी," शिला म्हणाली. "माझ्या बापाला सांगितलं, पहिली वांझोटीसारखीच हाय, हिच्या पोटी लेक व्हईल. सवतीवर आले. गावानं तोंडावर पेढे खाल्ले आन पाठीमागं शिव्या घातल्या. मला वाटायचं, आपुन काहीतरी करून दाखवलं. काहीच केलं न्हवतं व्हय मी? नुसतीच आणली व्हती?"

इतकी वर्षं गोजरबाईला वाटत होतं, हिनं आपलं हिसकावून घेतलं. आणि हिचं कुणी हिसकावलं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. एका छपराखाली, एका परातीत पीठ मळून! ती जाऊन शिलाच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तसं कधी केलेलं नव्हतं, म्हणून नुसतीच टेकून बसली.

मग ती ओसरीकडे तोंड करून बोलली. आवाज चढवला नाही.

"अवो, पोरी झाल्या त्यात तुमचा बी दोष न्हवता. पुस्तकानं तुमाला बी सोडलंय. दोष कुनाचाच न्हवता. मंग सजा कुनी ठोकली? आन आता त्या कोमलला कोन ठोकून राहिलंय?"

व्यंकटराव वळले नाहीत. अंगणात दोन्ही नाती एका फरशीच्या तुकड्यानं मातीवर गोल काढत होत्या. मोठी धाकटीला सांगत होती, "हा सूर्य. ह्याच्यापासून उजेड निघाला की आपल्याकडं यायला वेळ लागतो. तू थांब तिथंच, मी पळत येते." धाकटी शहाण्यासारखी थांबून राहिली. व्यंकटराव बघत होते. बघता बघता त्यांचे खांदे खाली आले. माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

"आबा," बालाजी बोलला. बापापुढं पहिल्यांदाच. "कनेरगावच्या माणसायला मी फोन लावतो. येऊ नगा म्हनून सांगतो."

बालाजीनं मोबाइल काढला आणि खरंच लावला. तो बाजूला जाऊन बोलत होता, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. दणका नव्हता त्यात. पाणी मागितल्यासारखा आवाज.

"मानलं."

शिला उठली. ताट वाढलं, नेऊन पुढ्यात ठेवलं. ती वाढून रोज समोर वारा घालत बसायची, आज बसली नाही. आत आली, दुसरं ताट घेतलं, त्यात दोघींचं वाढलं आणि म्हणाली, "चल आक्का. मला बी लई भूक लागली."

जेवणं झाल्यावर कोमल भांडी घासायला बसली. गोजरबाई तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"पोरी, तुझ्या पुस्तकानं आज घर हलवलं. बरं झालं बाई, माझ्या हातून चूक झाली."

कोमलचे हात राखेत थांबले. ती खाली मान घालून म्हणाली, "मोठ्या आत्या, पहिल्या दिशी तुमी देवळीतून गाठोडं उचललं ना, तवा मला दिसलं व्हतं. कोनतं उचललं ते."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"मी हे लई वेळा सांगून पाहिलं व्हतं. ह्यायला, धाकट्या आत्यायला. माझं कोन ऐकतंय? म्हटलं, महाराज वाचतील तर ऐकतील." ती रडायला लागली. "पण तो अध्याय जवळ आला तसा माझा जीव जाऊन राहिला. तुमाला किती लागंल..."

गोजरबाई आ वासून तिच्याकडे बघत राहिली. सूर्य, हळद, सगळं एकीकडे, आणि ही एवढीशी पोरगी एकीकडे! मग तिनं कोमलचा राखेचा हात धरला आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "लागलं गं," ती म्हणाली. "लई लागलं. पण उद्याचा अध्याय चुकवायचा न्हाई."

सांज व्हायच्या आधी तिनं बालाजीला मोबाइल मागितला. "संगिताला लावून दे," म्हणाली. संगिता तिची थोरली, चाळिशी ओलांडलेली, तिकडे सासरी. माय कधी स्वतःहून फोन लावत नाही, म्हणून पलीकडून आधी घाबराच आवाज आला.

"माय? काय झालं गं? आबा बरे हाईत ना?"

"बरे हाईत. संगे, ह्या आयतवारी तिघी बहिणींला घेऊन ये. जिलबी आणायची हाय."

"कशाची जिलबी?"

"तुझ्या जन्माची. तुमच्या चौघींच्या बी. वाटायची राहिली व्हती."

मग संगिताचा रडवेला, भ्यायलेला प्रश्न आला, "माय, तू बरी हाईस ना? तुला काय झालं?"

गोजरबाईनं डोळे पुसले.

"काय न्हाई गं, बरी हाय. पोथी ऐकून राहिले."